ते लॉक काय राखत होतं?

फाइलसिस्टीमच्या कोडमधलं एखादं मोठं लॉक फोडून त्याची छोटी छोटी लॉकं करणं हे काम बाहेरून वाटतं तेवढं अवघड नाही. त्या एका लॉकच्या आडोशाला आणखी काय काय सुखरूप होतं, हे ओळखणं अवघड असतं. मी पुण्यात स्टोरेजच्या क्षेत्रात बरीच वर्षं काम करते आहे आणि यातल्या दुसऱ्या गोष्टीकडे सुरुवातीची कितीतरी वर्षं माझं लक्षच नव्हतं. त्यातून जे घडलं ते इथे सांगायचं आहे. एका प्रसंगात लोकांचा डेटा गेला आणि तो माझ्या पॅचमुळे गेला, म्हणून ते सांगणं मला गरजेचं वाटतं.

प्रोसेसरमध्ये एकाच वेळी अनेक कोर काम करत असतात. दोन कोरनी एकाच क्षणी एकच यादी बदलायला घेतली तर यादीचे दुवे तुटतात. म्हणून यादीला हात लावण्याआधी लॉक घ्यायचं आणि काम झालं की सोडायचं. कोर दोन असतील तर एखाद्याला क्षणभर थांबावं लागतं. कोर ६४ असतील तर एकाचं काम चालू असताना ६३ जण ताटकळू शकतात. लिनक्सने हे चांगलंच भोगलेलं आहे. १९९६ मध्ये २.० आवृत्तीत एकाहून अधिक प्रोसेसरांची सोय आली, तेव्हा जवळजवळ अख्ख्या कर्नलला मिळून एकच ‘बिग कर्नल लॉक’ होतं. ते कोरत कोरत शेवटी २०११ मध्ये, २.६.३९ या आवृत्तीत, पुरतं गेलं. म्हणजे पंधरा वर्षं लागली. नवशिकी असताना मी हा इतिहास लॉक काढत जाण्याचा इतिहास म्हणून वाचला. एवढी हुशार माणसं असूनही पंधरा वर्षं का लागली असतील, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

आमची फाइलसिस्टीम बॅकअप साठवणाऱ्या यंत्रांसाठी होती आणि लिनक्स कर्नलमध्ये मॉड्यूल म्हणून चालायची. तिच्यात लाखो छोट्या फाइली असत. प्रत्येक फाइलीची कर्नलमधली नोंद म्हणजे आयनोड. मेमरीत असलेले आयनोड पटकन सापडावेत म्हणून एक हॅश टेबल आणि त्या सगळ्या टेबलाला एक स्पिनलॉक. तक्रार अशी आली की थ्रेड एका मर्यादेपलीकडे वाढवले की वेग वाढण्याऐवजी घटतो. कुठल्या फंक्शनमध्ये सीपीयूचा किती वेळ जातो ते दाखवणारं पर्फ हे साधन मी लावून पाहिलं. यादीत सगळ्यात वर स्पिनलॉकची वाट बघत फिरत राहणारं फंक्शन होतं. मला वाटलं, निदान झालं. मी त्या एका लॉकच्या जागी २५६ लॉकांचा अॅरे केला. आयनोडच्या क्रमांकावरून हॅश काढायचा आणि त्या खणाचं लॉक तेवढं घ्यायचं. पॅच छोटा आणि नेटका होता, वाचायलाही सोपा होता.

पर्फच्या यादीतून ते वाट बघणारं फंक्शन जवळपास नाहीसं झालं. वेग मात्र जेमतेम हलला. मग मी शेड्युलरला दोष दिला, मेमरीच्या नोड्सना दिला, डिस्कलाही दिला. आपला अॅरेच चुकला असेल असं काही मनात आलं नाही, कारण लॉकं तर आता वेगवेगळी होती.

ती वेगवेगळी होती, पण शेजारीशेजारी होती. लिनक्समध्ये साधं स्पिनलॉक ४ बाइटचं असतं. प्रोसेसर मेमरीतून चार-चार बाइट उचलत नाही. तो सहसा ६४ बाइटची अख्खी ओळ आपल्या कॅशमध्ये आणतो. आमच्या क्षेत्रात तिला कॅशलाइन म्हणतात. त्या ओळीत काही लिहायचं असेल तर ती ओळ त्या क्षणी एकट्या त्याच कोरच्या ताब्यात असावी लागते. माझ्या अॅरेत एका कॅशलाइनवर १६ लॉकं बसली होती. एक कोर तिसरं लॉक घेतोय आणि दुसरा सातवं, तर दोघांचं काहीच भांडण नाही. तरीही तीच ओळ दोघांच्या कॅशमध्ये इकडून तिकडे खेचली जात होती, आणि दोन कोर दोन वेगळ्या सॉकेटांवर असले तर हे खेचणं आणखी महाग पडत होतं. पुढे ‘पर्फ सी-टू-सी’ हे साधन हाताशी आल्यावर मी तो जुना कोड मुद्दाम पुन्हा चालवून पाहिला. पडद्यावर कॅशलाइनचा एकच पत्ता होता आणि त्याखाली ०, ४, ८, १२ या ऑफसेटांवर लिहिणारे निरनिराळे कोर. माझी सगळी लॉकं तिथे ओळीने उभी होती. पूर्वी कोर लॉकसाठी थांबत होते आणि आता कॅशलाइनसाठी थांबत होते. दुसऱ्या प्रकारचं थांबणं फंक्शनच्या नावाने दिसत नाही, ते प्रोसेसरच्या एका साध्या दिसणाऱ्या सूचनेच्या नावावर जमा होतं.

उपाय सोपा होता. प्रत्येक लॉकला स्वतःची कॅशलाइन द्यायची. २५६ लॉकांना १६ केबी लागले, आजच्या सर्व्हरवर ते कुणाच्या खिजगणतीतही नसतात. त्याहून बरं म्हणजे लॉक आणि त्याच्या खणातल्या यादीचं डोकं एकाच ओळीत ठेवायचं. मग लॉकसाठी आणलेल्या ओळीबरोबर यादीची सुरुवातही हातात येते.

या दुरुस्तीनंतर माझ्या बेंचमार्कचा आलेख सुरेख वर गेला आणि मी तो सगळ्यांना दाखवला. ग्राहकाच्या यंत्रावर मात्र काहीच फरक नव्हता. माझ्या बेंचमार्कमध्ये प्रत्येक थ्रेड स्वतःच्या डिरेक्टरीत फाइली बनवत होता. तो तसा लिहिणं सोपं होतं, एवढंच त्याचं कारण. ग्राहकाचा बॅकअप प्रोग्राम सगळ्या फाइली एकाच डिरेक्टरीत टाकत होता. लिनक्समध्ये नवी फाइल बनवताना त्या डिरेक्टरीचं लॉक पूर्णपणे आपल्याकडे घ्यावं लागतं. हे लॉक झोपणारं असतं, म्हणजे ते मिळालं नाही तर थ्रेड निजून जातो. आमच्या कोडमध्ये ते हातात असतानाच जर्नलमध्ये, म्हणजे बदलांची आधी नोंद करायच्या वहीत, जागा मिळण्याची वाट पाहिली जात होती. त्यामुळे लॉक ज्याच्याकडे होतं तोही झोपलेला आणि ज्यांना ते हवं होतं तेही झोपलेले. झोपलेला थ्रेड सीपीयू वापरत नाही, म्हणून पर्फच्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये तो येतच नाही. ग्राहकाच्या यंत्रावर कोर रिकामे दिसत होते आणि त्यावरून मी ‘डिस्क मंद आहे’ असा निष्कर्ष लेखी कळवला होता. कर्नलमध्ये लॉक-स्टॅट चालू करून, कोण कुठल्या लॉकसाठी किती वेळ थांबला ते पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी उत्तर मिळालं असतं. लॉक-स्टॅटमुळे यंत्र मंदावतं म्हणून मी ते टाळलं होतं. जर्नलमधली जागा डिरेक्टरीचं लॉक घेण्याच्या आधी राखून ठेवायला सुरुवात केली आणि ती तक्रार मिटली. ज्या लॉकवर मी एवढी मेहनत घेतली त्याचा त्या तक्रारीशी फारसा संबंधच नव्हता.

मधल्या काळात मी एक रीड-राइट लॉकही करून पाहिलं. वाचणारे खूप आणि लिहिणारे थोडे, तेव्हा वाचणाऱ्यांना एकत्र आत सोडावं, हा त्यामागचा विचार. पण वाचणारासुद्धा आत शिरताना लॉकमधला आकडा वाढवतो, म्हणजे कॅशलाइनवर लिहितोच. आतलं काम पाच-दहा सूचनांचं असेल तर फायदा काहीच होत नाही. झाला नाहीच.

अशाच अडचणीत लिनक्सच्या लोकांनी काय केलं ते वाचलं तेव्हा मी खरी शिकू लागले. पाथमधल्या नावांवरून फाइल शोधून काढणारा जो भाग आहे, त्यातल्या डेंट्री कॅशवर वर्षानुवर्षं डीकॅश लॉक नावाचं एकच लॉक होतं. पॉल मॅकेनी, दीपंकर सरमा आणि मनीष सोनी यांनी आरसीयू, म्हणजे वाचणाऱ्यांना लॉक न घेता वाचू देणारी पद्धत, वापरून ते हलकं कसं केलं, यावरचा त्यांचा लेख २००४ च्या जानेवारीत ‘लिनक्स जर्नल’मध्ये आला होता. पुढे निक पिगिन यांचं काम २०११ मध्ये २.६.३८ आवृत्तीत आलं. डीकॅश लॉक गेलं आणि पाथ शोधताना सामायिक मेमरीत काहीही न लिहिता पुढे सरकण्याची सोय झाली. वाचणारा आधी एक क्रमांक टिपतो, काम करतो आणि शेवटी तोच क्रमांक अजून आहे ना ते तपासतो. बदलला असेल तर संथ, लॉकवाल्या वाटेने पुन्हा जातो. ही कल्पना मला फार आवडते. पण तिच्यासाठी काय मोजावं लागलं तेही पाहण्यासारखं आहे. एखादा आयनोड कुणी लॉक न घेता वाचत असेल, तर त्याची मेमरी लगेच मोकळी करता येत नाही. आधीचे सगळे वाचणारे बाहेर पडेपर्यंत थांबावं लागतं. त्यासाठी सगळ्याच फाइलसिस्टीमच्या कोडमध्ये आयनोड मोकळा करण्याची पद्धत बदलावी लागली. मी आमच्याकडे शोधण्याची वाट आरसीयूवर नेली आणि आयनोड सोडण्याच्या वाटाही बदलल्या. चुका हाताळणारी एक वाट तेवढी राहून गेली. एरवी क्वचितच चालणाऱ्या त्या वाटेमुळे यंत्रं अधूनमधून कोसळायला लागली, आणि दर वेळी कोसळण्याची जागा वेगळी असायची. जुन्या लॉकने ‘मी पाहतोय तोवर हा आयनोड जिवंत आहे’ ही हमीही दिली होती. ती कुठेच लिहिलेली नव्हती.

आता तो प्रसंग.

फाइलसिस्टीमला डिस्कवर किती ब्लॉक मोकळे आहेत याचा आकडा ठेवावा लागतो. आमच्याकडे तो एका स्पिनलॉकखाली होता. प्रोग्रामने राइट केलं की आम्ही डेटा मेमरीत घ्यायचो, त्या आकड्यातून तेवढे ब्लॉक राखून ठेवायचो आणि ‘झालं’ असं सांगायचो. डिस्कवरची नेमकी जागा नंतर, सावकाश ठरायची. याला डिलेड अॅलोकेशन म्हणतात. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस हेच करतात आणि त्यामागे चांगली कारणं आहेत. पण प्रत्येक राइटला ते एकच लॉक घ्यावं लागे, आणि बाकीची लॉकं हलकी झाल्यावर सगळी गर्दी तिथे जमली.

एमआयटीच्या मंडळींनी २०१० मध्ये ४८ कोरच्या यंत्रावर लिनक्स तपासून एक शोधनिबंध लिहिला होता. सामायिक आकडे कोरागणिक वाटून टाकणं हा त्यातला एक महत्त्वाचा उपाय. लिनक्समध्येही त्यासाठी तयार पर-सीपीयू काउंटर आहे. जत्रेत तिकिटांच्या अनेक खिडक्या असतात आणि प्रत्येक खिडकी आपल्याकडचा गठ्ठा संपला की मगच मुख्य कचेरीत विक्री कळवते, तसं हे चालतं. रांगा झपाट्याने हलतात. कचेरीतला आकडा मात्र नेहमी थोडा मागे असतो, आणि किती मागे ते गठ्ठा केवढा आहे आणि खिडक्या किती आहेत यावर ठरतं. लिनक्स हा गठ्ठा ३२ किंवा कोरसंख्येच्या दुप्पट, यातला जो मोठा असेल तेवढा धरतं. ६४ कोरांवर तो १२८ चा होतो. म्हणजे ४ केबीच्या ब्लॉकांत मोजलं तर आकडा जास्तीत जास्त ३२ एमबीच्या आसपास चुकू शकतो. मी गठ्ठा १०२४ चा केला, कारण तसा केल्यावर बेंचमार्क आणखी वर जात होता. म्हणजे चूक २५६ एमबीपर्यंत जाऊ शकत होती. हा गुणाकार मी तेव्हा केलाच नाही.

रिव्ह्यूच्या वेळी आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “हे लॉक नेमकं काय राखतंय ते मला एका वाक्यात लिहून दे.” मी म्हटलं, “सर, मोकळ्या ब्लॉकांचा आकडा राखतंय.” ते म्हणाले, “आकडा दिसतोच आहे गं. तो आकडा कुणासाठी आहे?” मला तो प्रश्न शब्दच्छल वाटला. रिलीज जवळ आलं होतं आणि आलेख हातात होता. मी म्हटलं, “मोजणी थोडी मागे-पुढे झाली तर काय बिघडतंय? डीएफने दाखवलेल्या मोकळ्या जागेत दोन-चारशे एमबीचा फरक कुणाला जाणवतो?” त्यांनी नाइलाजाने मान्यता दिली. त्यांना मी नीट ऐकून घेतलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या लॉकचं खरं वाक्य असं होतं: राइटला एकदा होकार दिला, की त्या डेटाला डिस्कवर जागा नक्की मिळेल. आकडा तपासणं आणि त्यातून वजा करणं या दोन गोष्टी एकाच लॉकखाली होत होत्या, म्हणून ते वचन पाळलं जात होतं. मी त्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आणि आकडाही अंदाजाचा केला. डिस्क रिकामी असेल तर याने काहीच होत नाही. माझ्या सगळ्या चाचण्या रिकाम्या डिस्कवर होत्या, दर वेळी नवी फॉरमॅट केलेली. बॅकअपच्या यंत्रांचं असं नसतं. ती भरत जातात आणि भरलेलीच राहतात. जुनं काढायचं आणि नवं टाकायचं, कडेला लागूनच त्यांचं आयुष्य जातं.

एका ग्राहकाच्या यंत्रावर डिस्क जवळजवळ भरलेली असताना रात्रीचा बॅकअप सुरू झाला. प्रत्येक कोरला जागा शिल्लक दिसत होती, प्रत्येकाने होकार दिला, आणि सगळ्यांचे होकार मिळून प्रत्यक्षातल्या जागेपेक्षा जास्त झाले. मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवायची वेळ आली तेव्हा ब्लॉक उरले नव्हते. अशी चूक प्रोग्रामला कळते ती त्याने एफ-सिंक केलं, म्हणजे डेटा डिस्कवर उतरल्याची खात्री मागितली, तर. तो प्रोग्राम फाइल नुसती बंद करत होता आणि बंद करताना ही चूक कळत नाही. बॅकअपच्या अहवालात ‘यशस्वी’ असं आलं. फाइलींची लांबी बरोबर होती. काही फाइलींच्या शेवटच्या भागात मात्र डेटाच्या जागी शून्यं होती. हे उघडकीला आलं ते त्यांना त्यातली एक फाइल परत हवी झाली तेव्हा. मूळ प्रत तोवर गेलेली होती.

ग्राहकाने पाठवलेली ती फाइल मी हेक्समध्ये उघडून पाहिली. शून्यांची सुरुवात बरोबर ४०९६ च्या पटीवर होती, ब्लॉकच्या सीमेवर. अॅप्लिकेशनच्या चुकीने शून्यं लिहिली गेली असती तर ती सीमा इतकी तंतोतंत आली नसती. त्या एका गोष्टीवरून मला कळलं की हे आमचंच आहे, आणि थोड्याच वेळात हेही कळलं की हे माझं आहे.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. पर-सीपीयू काउंटर कसा वापरायचा ते मी ईएक्सटी४ च्या कोडमधूनच पाहिलं होतं. तिथे जागा आहे की नाही हे तपासणारं फंक्शन लहानसं आहे. ते आधी अंदाजाचा आकडा पाहतं. शिल्लक जागा गठ्ठा, कोरसंख्या आणि ४ यांच्या गुणाकारापेक्षा कमी उरली, तर ते अंदाज बाजूला ठेवून सगळ्या कोरांकडचे आकडे प्रत्यक्ष गोळा करतं. वर सांगितलेल्या ६४ कोरांच्या हिशोबात ही खूण १२८ एमबीवर येते. ती तपासणी मी वाचली होती आणि तिला कडेची बाब समजून सोडून दिलं होतं. वेगाचा अर्धा भाग उचलला आणि सावधपणाचा अर्धा तिथेच ठेवला. ईएक्सटी४ मध्येच, राखलेली जागा आयत्या वेळी मिळाली नाही तर लॉगमध्ये एक संदेश टाकला जातो. असं व्हायला नको होतं, डेटा जाणार आहे, असा त्याचा आशय. ज्यांनी तो लिहिला त्यांना ते वचन काय आहे हे पक्कं ठाऊक होतं.

दुरुस्ती करायला फार वेळ लागला नाही. गठ्ठा पूर्ववत लहान केला, कडेजवळ नेमकी मोजणी आणली, आणि त्या टप्प्यात तपासणं आणि वजा करणं पुन्हा लॉकखाली नेलं. जवळजवळ भरलेल्या डिस्कवर आता राइट थोडं संथ चालतं. ते चालू द्यावं असं माझं ठाम मत आहे. ग्राहकाला झालेला प्रकार लेखी कळवला, त्यात कारण म्हणून माझा बदल स्पष्ट लिहिला. गेलेला डेटा परत आला नाही.

त्यानंतर मी एमआयटीचा तो निबंध पुन्हा वाचला आणि पहिल्या वेळी नजरेतून सुटलेलं एक उदाहरण सापडलं. पोस्टग्रेसक्यूएल फाइलीची लांबी जाणून घ्यायला एल-सीक वापरतं. लिनक्स तेव्हा त्यासाठी आयनोडचं म्यूटेक्स (एक झोपणारं लॉक) घेत असे, म्हणजे नुसता एक आकडा वाचायला लॉक. ते काढता आलं. का काढता आलं तेच महत्त्वाचं आहे. ६४ बिटांच्या प्रोसेसरवर लांबीचा आकडा एका दमात वाचला जातो. ३२ बिटांच्या प्रोसेसरवर तो दोन तुकड्यांत येतो आणि मधल्या मध्ये बदलू शकतो, म्हणून तिथे क्रमांक टिपून तपासण्याची वेगळी सोय आहे. त्या लॉकने काय राखलं होतं आणि ते आता दुसरं कोण राखतंय, हे दोन्ही माहीत झाल्यावरच ते गेलं. असं वाचायला लागल्यापासून जुने पॅच मला वेगळेच दिसायला लागले आहेत. बिग कर्नल लॉकला पंधरा वर्षं का लागली हेही उमगलं. ते काय काय राखतंय हे कुठेच एका जागी लिहिलेलं नव्हतं.

आमच्या टीममध्ये आता लॉकचा पॅच आला की त्याच्याबरोबर ते वाक्य यावं लागतं, कोडमधल्या कॉमेंटमध्ये. वाक्यात डेटाचं नाव पुरत नाही, बाहेरच्या कुणाला कसली हमी मिळते ते लिहावं लागतं. चाचण्या भरलेल्या डिस्कवर, एकाच डिरेक्टरीत आणि मेमरी कमी पडत असतानाही चालवतो.

मध्यंतरी आमच्या एका तरुण सहकाऱ्याने रिनेमचं लॉक फोडायचा प्रस्ताव आणला. लिनक्समध्ये एका डिरेक्टरीतून दुसऱ्या डिरेक्टरीत रिनेम करताना त्या अख्ख्या फाइलसिस्टीमला मिळून एक म्यूटेक्स घेतलं जातं. २०१६ मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी ८० कोरांवर फाइलसिस्टीम तपासल्या, त्यांनीही याकडे बोट दाखवलं होतं. आमच्या स्नॅपशॉटच्या कोडमध्ये तसंच एक लॉक आहे. मी त्याला वाक्य लिहायला सांगितलं. दोन दिवसांनी तो कागद घेऊन आला. त्यावर ‘अ’ आणि ‘ब’ अशा शेजारशेजारच्या दोन डिरेक्टऱ्या काढलेल्या होत्या. एक थ्रेड ‘अ’ला ‘ब’च्या पोटात हलवतोय आणि त्याच क्षणी दुसरा ‘ब’ला ‘अ’च्या पोटात. दोघांनी आपापल्यापुरती तपासणी बरोबर केली तरी शेवटी ‘अ’ ‘ब’मध्ये आणि ‘ब’ ‘अ’मध्ये, असं वर्तुळ तयार होतं आणि ते मूळ झाडापासून सुटून तरंगत राहतं. आतल्या फाइली डिस्कवर असतात, पण तिथवर जायला रस्ता उरत नाही. हे वर्तुळ होऊ न देणं हेच त्या लॉकचं काम. मग आम्ही ग्राहकांच्या यंत्रांवर त्या लॉकसाठी कोण किती थांबतंय ते मोजलं. बॅकअपच्या कामात डिरेक्टऱ्या क्वचितच हलतात, थांबणं नगण्य होतं. लॉक जिथे होतं तिथेच ठेवलं आणि त्याच्यावर ते चित्र कॉमेंटमध्ये काढून ठेवलं. तो सहकारी आता डिरेक्टरीत एकाच वेळी अनेक फाइली बनवता याव्यात यासाठीच्या बदलावर काम करतो आहे. तिथलं थांबणं खरंच मोठं आहे, आणि त्याचं वाक्य अजून पुरं झालेलं नाही.